बैठकीला दोन माइक पुरेत

पंचवीस-तीस रसिक एखाद्या दिवाणखान्यात जमतात. लाउडस्पीकर नसतो. गायक, तबला, पेटी आणि दोन तानपुरे एवढाच संच असतो. अशा बैठका पुण्या-मुंबईत होतात, गोव्यात होतात, परदेशातल्या मराठी घरांतही होतात आणि त्या रेकॉर्ड करून ठेवाव्यात असं बहुतेक यजमानांना वाटतं. ते वाटणं योग्यच आहे. मोठ्या सभागृहात वेळेचं बंधन असतं, समोर अनोळखी गर्दी असते. बैठकीत कलाकार सैलावतो, एखादा अनवट राग सविस्तर मांडतो, एखादी जुनी बंदिश खुलवून सांगतो. हे टिपलं गेलं नाही तर ऐकणाऱ्यांच्या आठवणीपलीकडे त्याचं काही उरत नाही. मग यजमान ओळखीच्या जाणकाराला विचारतात, ‘कोणता माइक घेऊ?’ उत्तरादाखल कंपन्यांची नावं आणि किमती मिळतात. माझ्या मते इथेच प्रश्नांचा क्रम उलटा होतो. माइक किती आणि कुठे ठेवायचे, हे आधी ठरायला हवं. त्यावरून माइकची जात ठरते. कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं. हा क्रम पाळला तर बेताच्या पैशांतही उत्तम रेकॉर्डिंग होतं. त्यासाठी एकाच मॉडेलचे, छोट्या पडद्याचे दोन कंडेन्सर माइक घ्यावेत, ते एकाच स्टँडवर लावावेत आणि उरलेलं सगळं लक्ष खोलीकडे आणि बसण्याच्या मांडणीकडे द्यावं.

दोनच का, हे समजण्यासाठी आपल्याला जडलेली एक सवय तपासायला हवी. सभागृहात गायकापुढे एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, पेटीला एक, तानपुऱ्याला एक असे पाच-सहा माइक आपण पाहत आलो आहोत. त्यामुळे जितके कलाकार तितके माइक, हा हिशेब स्वाभाविक वाटतो. पण ती योजना लाउडस्पीकरसाठी असते. आवाज मोठा करून हॉलभर पोहोचवायचा असेल आणि स्पीकरची शिट्टी टाळायची असेल, तर माइक वाद्याच्या अगदी जवळ न्यावाच लागतो. बैठकीत लाउडस्पीकर नाही, म्हणजे ती अडचण नाही आणि जवळ जाण्याचं कारणही नाही. उलट जवळ जाण्यात तोटाच आहे, कारण वाद्याचा नाद एका बिंदूतून बाहेर पडत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की शाई लावलेल्या आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुरेल क्रमात येतात. पुढच्याच वर्षी त्यांनी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास मांडला. तानपुऱ्याची जवारी, भोपळा, तबली आणि तारा या सगळ्यांतून मिळून तो नाद घडतो. तबल्याची चाट, शाई आणि डग्ग्याचा घुमारा हेही थोड्या अंतरावर येऊन एकमेकांत मिसळतात. वितीभर अंतरावरचा माइक यातला एखादाच तुकडा उचलतो. श्रोता तीन-चार हातांवर बसलेला असतो आणि त्याला पूर्ण वाद्य ऐकू येतं. रेकॉर्डिंगला त्याच्याजवळपासची जागा दिली की अर्धं काम होतं.

अंतराचा परिणाम साध्या गणितानं पडताळता येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. समजा, तानपुरे गायकाच्या मागे ९० सेंटिमीटरवर आहेत आणि माइक गायकापुढे ३० सेंटिमीटरवर आहे. तानपुऱ्यांपर्यंतचं अंतर झालं १२० सेंटिमीटर, म्हणजे गायकाच्या चौपट. तानपुरा गायकाच्या तुलनेत १२ डेसिबलनं मागे पडला, जवळजवळ हरवलाच. आता माइक दीड मीटर दूर न्या. तानपुरे २.४ मीटरवर आले आणि फरक उरला सुमारे ४ डेसिबलचा. म्हणजे माइक मागे सरकवताच, एकही पैसा न खर्चता, तानपुरा परत आला. जवळच्या माइकनं बिघडवलेला तोल सावरायला एरवी आणखी माइक, मिक्सर आणि नंतरचे तासन् तास लागतात. दूरच्या जोडीला तो तोल खोलीतच आयता मिळतो, कारण साथीदार एकमेकांना ऐकून आपापला आवाज आधीच बेतात वाजवत असतात.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास याला दुजोरा देतो. १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच. एक भोंगा होता. त्या काळी तोल साधायचा तो कलाकारांना भोंग्याच्या जवळ किंवा दूर बसवूनच. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये व्यवहारात आलं, पण अंतराचं महत्त्व कमी झालं नाही. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच जागी काटकोनात ठेवलेल्या दोन माइकची जोडी आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. १९५१ मध्ये मर्क्युरी कंपनीनं शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये राफाएल कुबेलिक यांच्या संचालनाखाली अख्खा वाद्यवृंद एका टांगलेल्या माइकवर मुद्रित केला आणि त्या तबकड्या आजही आदर्श मानल्या जातात. आपल्या संगीताशी थेट नातं असलेलं उदाहरण १९९२ चं आहे. पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये ब्लूमलाइन जोडीवर टिपली गेली. साथीला तालवाद्यंही होती. त्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं. मर्क्युरीचा माइक काय किंवा या अल्बमची जोडी काय, यंत्रं महागडीच होती. तरीही ज्यांना पैशांची चणचण नव्हती त्यांनीही माइकची संख्या कमीच ठेवली, हा मुद्दा आपल्यासाठी मोलाचा आहे.

आता माइकच्या जातीकडे वळू. बाजारात ढोबळमानानं दोन जाती मिळतात. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज निर्माण होते. गाण्याच्या कार्यक्रमांत सर्रास दिसणारे शुअरचे ‘एसएम५७’ आणि ‘एसएम५८’ या जातीचे. ते दणकट असतात, स्वस्त असतात आणि तोंडाजवळ धरायला उत्तम असतात. कंडेन्सर माइकमध्ये अतिशय पातळ पडदा हलला की तो आणि त्यामागची पट्टी यांच्यातली विद्युतधारिता बदलते. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. या पुरवठ्याला फँटम पॉवर म्हणतात आणि ती माइकच्याच केबलमधून पुरवली जाते. एकाच दाबाच्या आवाजाला ‘एसएम५७’ सुमारे १.६ मिलिव्होल्ट देतो, तर रोड कंपनीचा ‘एनटी५’ हा छोटा कंडेन्सर सुमारे १२ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे सातपटीहून जास्त. दीड मीटरवरून आलापातला हलका स्वर घ्यायचा तर डायनॅमिक माइकचा संदेश प्रचंड वाढवावा लागतो आणि त्याबरोबर ॲम्प्लिफायरची खरखरही वर येते. शिवाय जवारीच्या वरच्या झिणझिण्या आणि चाटेचा टोकदारपणा टिपायला हलका पडदा लागतो. म्हणून बैठकीसाठी कंडेन्सरच हवा.

कंडेन्सर घेताना जाहिरातीत सगळ्यात जास्त मिरवला जाणारा आकडा असतो माइकच्या स्वतःच्या खरखरीचा. तो जितका कमी तितका माइक चांगला, असं सांगितलं जातं. काहींत तो जेमतेम ५ डेसिबल असतो. रोडच्या ‘एनटी५’मध्ये तो १६ आहे आणि त्याच कंपनीच्या स्वस्त ‘एम५’मध्ये १९. या फरकासाठी जादा पैसे मोजावेत का? पंखे बंद, खिडक्या बंद, रात्रीची वेळ, अशी शहरातली शांत खोली घेतली तरी तिच्यात साधारण ३० डेसिबल आवाज असतोच. डेसिबलच्या बेरजेचा नियम लावला तर ३० च्या खोलीत १६ चा माइक एकूण पातळी ०.२ डेसिबलहूनही कमी वाढवतो, १९ चा माइक ०.३ च्या आसपास आणि २४ चा माइक जवळपास एक पूर्ण डेसिबल. यावरून दोन गोष्टी कळतात. विशीच्या आतला आकडा आपल्या घरांसाठी पुरेसा आहे आणि ५ डेसिबलसाठी मोजलेले पैसे खोलीच्याच आवाजात बुडतात. खोलीची गुणगुण खालच्या पट्टीतली असते आणि माइकची खरखर वरच्या पट्टीतली, त्यामुळे ती वेगळी जाणवू शकते, हे खरं. म्हणूनच मी मर्यादा पंचविशीवर न ठेवता विशीवर ठेवतो.

दुसरी निवड पडद्याच्या आकाराची. एक इंची मोठ्या पडद्याचा माइक दिसायला भारदस्त असतो, गायक त्याच्यापुढे उभा असलेली छायाचित्रं सर्वत्र दिसतात आणि स्वस्तात मिळणारे माइकही बहुतेक त्याच घाटाचे असतात. पण आपल्याला एकट्या गायकाचा आवाज घ्यायचा नाही. जोडीपुढे गायक मध्यभागी असला तरी प्रेक्षकांच्या बाजूनं पाहता तबला सहसा डावीकडे आणि पेटी उजवीकडे असते. म्हणजे बरेचसे आवाज माइकवर तिरके येणार. १० हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ सेंटिमीटर असते. अडीच सेंटिमीटरचा पडदा तिच्या जवळपासच्या मापाचा होतो, त्यामुळे तिरक्या आवाजाच्या वरच्या पट्ट्या त्यात दबतात किंवा विकृत होतात. अर्ध्या इंचाचा पडदा तरंगलांबीपेक्षा बराच लहान राहतो आणि बाजूचा आवाजही बराचसा जसाच्या तसा उचलतो. जोडीचं यश याच गुणावर अवलंबून आहे. म्हणून ‘एम५’ किंवा ‘एनटी५’च्या जोड्या, स्वीडनच्या लाइन ऑडिओचे छोटे माइक किंवा त्यांच्याच तोडीचे इतर छोट्या पडद्याचे माइक मला मोठ्या पडद्याच्या झगमगीत माइकपेक्षा बैठकीला योग्य वाटतात. दोन्ही माइक एकाच मॉडेलचे असणं मात्र अत्यावश्यक आहे. ते वेगळे असले तर डाव्या-उजव्या बाजूंचा रंग जुळत नाही आणि गायक कधी इकडे तर कधी तिकडे सरकल्यासारखा भासतो.

मांडणीचा एक भरवशाचा नमुना फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीनं रूढ केला. तिच्याच आद्याक्षरांवरून त्याला ओआरटीएफ म्हणतात. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारे, म्हणजे कार्डिओइड जातीचे दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर आणि एकमेकांशी ११० अंशांचा कोन करून बाहेरच्या दिशेनं ठेवायचे. १७ सेंटिमीटर हे साधारण आपल्या दोन कानांमधलं अंतर. एका बाजूचा आवाज दुसऱ्या माइकवर जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि त्या फरकावरून ऐकणाऱ्याला वाद्याची जागा कळते. दोन्ही माइक बसतील अशी पट्टी स्टँडवर लावली की एकच स्टँड पुरतो. कलाकार जमिनीवर बसलेले असल्यानं जोडी सव्वा ते दीड मीटर उंचीवर, किंचित खाली झुकलेली ठेवावी. खुर्च्यांवर बसून वाजवणाऱ्या व्हायोलिनच्या चौकडीसाठी ती त्याहून बरीच वर न्यावी लागते, कारण व्हायोलिनचा नाद वरच्या दिशेनं फेकला जातो.

अंतर किती ठेवायचं, हे खोली ठरवते. थेट येणारा आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज जिथे समसमान होतात, त्या अंतराचा अंदाज बांधता येतो. २० बाय १५ फुटांच्या, १० फूट उंचीच्या आणि अर्ध्या सेकंदाची गुंज असलेल्या दिवाणखान्यात ते अंतर सुमारे पाऊण मीटर येतं. कार्डिओइड माइक मागचा आवाज टाळत असल्यानं त्याच्यासाठी ते सव्वा मीटरपर्यंत वाढतं. ४० बाय २५ फुटांच्या, १५ फूट उंच आणि एक सेकंद गुंजेच्या सभागृहात हेच अंतर दोन मीटर होतं. म्हणून घरात जोडी सव्वा ते दीड मीटरवर ठेवून सुरुवात करावी आणि पाच मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकून पुढे-मागे करावी.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, जोडीवर घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तोल नंतर बदलता येत नाही. तबला जड झाला तर तो कमी करणार कसा? आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर रेकॉर्डिंगआधीच्या दहा मिनिटांत आहे. गायकाच्या जोडीला ठेका धरून घ्यावा, तबला जड वाटला तर तबलजींना हातभर मागे सरकायची विनंती करावी, पेटीचा भाता जोडीकडे उघडत असेल तर पेटी थोडी तिरकी करावी. तानपुरे तरीही पातळ वाटले तर त्यांच्यासाठी एक तिसरा माइक घ्यावा आणि तो नंतर अगदी हलका मिसळावा. अशा जादा माइकसाठी जुना नियम असा की त्याचं आपल्या वाद्यापासून जे अंतर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर इतर माइकपासून असावं, म्हणजे एकच आवाज दोन वेळा थोड्या फरकानं येऊन पोकळ होत नाही. कोणत्या प्रसंगी जोडी पुरत नाही, हेही मान्य करायला हवं. स्पीकर लावलेली मैफल, शेजारी रहदारीचा रस्ता, आवाजाचं प्रमाण फारच विषम असलेला संच, या ठिकाणी जवळचे माइक लागतात. बैठक सहसा त्यात मोडत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरांविषयी आहे. फरशी, काँक्रीटचा स्लॅब, रिकाम्या भिंती आणि बाहेरचे हॉर्न यांत दूरचा माइक काय कामाचा? खरं तर हा आक्षेप माझ्या बाजूचा आहे, कारण तो खर्च माइकवरून खोलीकडे वळवतो. कलाकारांखाली जाजम आणि गालिचा, मागच्या भिंतीवर गोधड्या किंवा जाड पडदे, बाजूला पुस्तकांची कपाटं आणि समोर बसलेले श्रोते, एवढ्यानं गुंज बरीच उतरते. पंखे आणि एसी बंद ठेवणं, फ्रीज तेवढ्या वेळापुरता थांबवणं आणि बैठक सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा ठेवणं याला खर्च लागत नाही. त्यातून मिळणारा फायदा मात्र दुप्पट किमतीचा माइकही देऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप असा की, हातात मावणारे रेकॉर्डर आणि मोबाइल आता इतके चांगले आहेत की वेगळे माइक कशाला? दोन जोडमाइक असलेला छोटा रेकॉर्डर योग्य जागी, स्टँडवर लावला तर तो वाईट जागी ठेवलेल्या महागड्या माइकना मागे टाकतो, हे मी आनंदानं मान्य करतो. पैसे अगदीच कमी असतील तर सुरुवात तिथूनच करावी. पण त्यातले पडदे फार लहान असतात, त्यामुळे संथ आलापात खरखर जाणवते. मोबाइल तर बोलण्यासाठी बनलेला असतो आणि आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. विलंबित आणि द्रुत यांतला चढ-उतार त्यात सपाट होतो. खयालाचा प्राणच त्या चढ-उतारात आहे.

म्हणून पैशांची वाटणी अशी सुचवतो. एकूण रकमेच्या निम्मे दोन माइकवर, साधारण एक तृतीयांश दोन माइक घेऊ शकणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर किंवा रेकॉर्डरवर, उरलेले भक्कम स्टँड, पट्टी, केबल आणि कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर. रेकॉर्डिंग २४ बिटवर करावं आणि चाचणीत सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीपासून १२ डेसिबल खाली राहील असा गेन ठेवावा, कारण रंगलेल्या तराण्यात आणि तिहाईत सगळ्यांचाच आवाज चढतो. २४ बिटमध्ये एवढी जागा राखली तरी हलके स्वर खरखरीत बुडत नाहीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमटपणानं कंडेन्सर माइक कडकडतात, म्हणून ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत.

महागड्या माइकमध्ये काहीच वेगळं नसतं, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या वरच्या पट्ट्या मऊ असतात, तिरक्या आवाजाचा रंग अधिक खरा असतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. मात्र हा फरक ऐकू यायला आधी जागा, अंतर आणि खोली जमलेली लागते. ती जमली नाही तर महाग माइक चुकीचा तोल अधिक स्पष्टपणे दाखवेल, इतकंच. जमली तर बेताच्या जोडीवरही शिष्याला गुरूची मींड ओळखता येईल, तबलजींचा हात कळेल आणि तानपुऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत भरलेला राहील. बैठकीच्या रेकॉर्डिंगकडून याहून जास्त अपेक्षा नसते. सहा माइकसाठी पैसे जमेपर्यंत थांबलेल्या यजमानानं आजच दोन घेतले, तर मधल्या काळातल्या बैठका वाया जाणार नाहीत. वाचलेल्या पैशांतून ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत, अशा गावोगावच्या जाणत्या गायक-वादकांना बोलवून त्यांच्या बंदिशी मुद्रित करता येतील. आपल्या संगीताच्या संग्रहाला सध्या याचीच सर्वाधिक गरज आहे.